उशाखालचा टॉवर

मिरजकर तिकटीवर चहाच्या गाड्याशी चार दिवस एकच विषय आहे. आमच्या गल्लीत एका गच्चीवर टॉवर बसणार म्हणे. "भाडं गच्चीवाल्याला आणि डोस्क्याला ताप आम्हाला," एकजण तावातावानं म्हणाला. खिशातला फोन वाजला तसा तो कानाला लावून पुढची वीस मिनिटं तिथंच बोलत उभा राहिला.

*

आमचं माजघर जुनं, भिंती दीड हात जाड. तिथं सिग्नलची एकच काडी येते, कधी तीही नाही. टॉवर नीट ऐकू येत नसला की फोन आवाज चढवतो, म्हणजे जास्त ताकदीनं लहरी सोडतो. जुन्या टूजी फोनची मजल 2 वॅटपर्यंत जायची, आताचा फोरजी फोन साधारण 0.2 वॅटवर थांबतो. टॉवर लांब ढकलला की कानाशी धरलेला फोन जास्त ओरडणार. हे मी गाड्यावर सांगून पाहिलं. कुणाला पटलं नाही.

कान गरम होतो ती ऊब मात्र बहुतेक बॅटरीची आणि आतल्या चिपची.

*

टॉवरच्या अँटेनाचा झोत आडवा, किंचित खाली झुकून जातो. त्यामुळं बरोबर खालच्या मजल्यावर तो बराच क्षीण असतो. समोरच्या उंच गच्चीचं काय, हा प्रश्न जास्त रास्त आहे. अँटेनाच्या तोंडासमोर काही मीटरवर तर कुणी उभं राहूच नये.

*

मर्यादेचे आकडे. फोनसाठी 1 सप्टेंबर 2012 पासून आपल्याकडं शरीरात शोषली जाणारी ताकद किलोमागं 1.6 वॅट, तीही 1 ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. त्याच दिवसापासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या दहाव्या हिश्श्यावर आणली: 900 मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागं 0.45 वॅट. हा आकडा आमच्या चर्चेत एकदाही आला नाही. आली ती फक्त 'रेडिएशन'ची भीती, जणू सगळं रेडिएशन एक्स-रेसारखंच. मोबाईलच्या लहरींत अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतका जोर नसतो. मर्यादा बेतली आहे ती उष्णतेच्या हिशेबानं.

फोन तपासतात तो द्रव भरलेल्या प्लास्टिकच्या डोक्यावर. त्या डोक्याचं माप 1988 च्या अमेरिकी लष्कराच्या मोजणीतून घेतलेलं, म्हणजे चांगलं दणकट जवानाचं डोकं. आमच्या तालमीतल्या पैलवानाला बरोबर बसेल.

*

2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या लहरींना 'कर्करोगकारक असू शकतात' अशा 2 ब गटात टाकलं. पुढं त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही गेला. 2024 मध्ये संघटनेनंच करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. गाड्यावर पहिली बातमी सगळ्यांना पाठ, दुसरी कुणाला माहीत नाही.

जुही चावलांची मात्र सगळ्यांना आठवण. मुंबईत सह्याद्री अतिथीगृहावरच्या टॉवरांविरुद्ध त्या बोलल्या होत्या. 2021 मध्ये फाइव्हजीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तर 20 लाखांचा दंड बसला. तो पुढच्या वर्षी 2 लाखांवर आला.

*

नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत, प्रत्येक 45 मीटर रुंद. तिथं मोबाईल बंद ठेवावा लागतो. आकाशातून येणारी कुजबूज इतकी बारीक की आपला फोन तिच्यापुढं ढोल-ताशा.

*

शेजारच्या काकू परवा विचारत होत्या, "टॉवर आला की झोप लागंल का ओ?" त्यांचा फोन रात्रभर उशाखाली चार्जिंगला असतो. म्हटलं, आधी तो तिथनं काढून कपाटावर ठेवा. उशाखाली चार्जिंगचा फोन तापतो, ती भीती खरी.

*

टॉवरबद्दल शंका असेल तर अर्जावर शंभर सह्या गोळा करण्याआधी मोजणी मागवा. दूरसंचार खात्याचं 'तरंग संचार' पोर्टल 2017 पासून आहे. सुरू झालं तेव्हा घरी येऊन मोजायचं शुल्क 4,000 रुपये होतं. गल्लीत वर्गणी काढली तर घरटी फार येत नाही. आणि हातातल्या फोनचा किलोमागं वॅटचा आकडा फुकट दिसतो, *#07# दाबून बघा.