बारावा चौकोन

गेल्या पावसाळ्यात डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. रात्री हात बधिर व्हायचा आणि मी उठून झटकत बसायचो. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबते आहे, सहा महिने ढोलकी बंद. निदान उजवा हात तरी चालवू का, असं विचारलं. ते म्हणाले, उजवा चालवा, पण डाव्याचा तळवा दाबून घासणं अजिबात नको. म्हणजे घिस्सा बंद. पस्तीस वर्षं ऑर्केस्ट्रात आणि जत्रांच्या स्टेजवर वाजवलं, आणि माणसं मला ओळखत आली ती घिश्श्यावरून. पडद्याआडून ऐकलं तरी कोण बसलंय ते कळतं, असं कुणी म्हणालं की मी नको नको म्हणायचो, आणि ते वाक्य घरी येऊन बायकोला सांगायचो.

माझी एक विद्यार्थिनी इंजिनिअरिंगला आहे. ती लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, "काका, नुसते बसू नका. यात ठेका लिहा." ब्राउझरमध्ये एक पान उघडलं, त्यात जुन्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनची हुबेहूब नक्कल. सोळा चौकोन. दाबला तो वाजतो, न दाबलेला गप्प. पैसे नाहीत, काही बसवायचं नाही. मूळ यंत्र १९८० सालचं. त्याच्या जातीच्या यंत्रांनी आणि पुढे ऑक्टोपॅडने माझ्या किती तारखा खाल्ल्या याचा हिशेब माझ्याकडे आहे. ते आता फुकटात समोर पसरलेलं बघून आधी रागच आला.

केरवा त्यात सहज बसतो, एका मात्रेला दोन चौकोन. दादऱ्याला मात्र बारा चौकोन लागतात. पुष्कळ फुकट यंत्रांत सोळाचे बारा करताच येत नाहीत, मग शेवटचे चार रिकामे पळतात आणि सम दर आवर्तनाला पांगळी होते. मूळ ८०८ मध्ये त्याची सोय होती, नकला करणारे ती विसरतात. जोराच्या आघाताचीही तीच गत. ८०८ वर जोर द्यायची ओळ एकच. त्या चौकोनात जे जे वाजतं त्या सगळ्यावर जोर पडतो, एकट्या चाटेवर देता येत नाही. मी हलकी चाट आणि भरीव चाट वेगवेगळ्या ओळींवर ठेवून वाट काढली. हे सगळं महिन्याभरात सुटलं.

सुटला नाही तो बारावा चौकोन.

धा गे ना ती, न क धी ना. मधल्या खालीत डावा गप्प असतो, आणि 'धी'वर परत येतो. तो सरळ आला तर केरवा झाला, पण आमचा झाला नाही. 'क' पडल्यावर तळवा पुडीवर टेकतो, दाबत पुढे सरकतो आणि सूर उचलत 'धी'त शिरतो. ही जागा बाराव्या चौकोनात येते. फोनवर माझ्या जुन्या वाजवण्यातून घिश्श्याचे चार तुकडे काढले, ब्राउझरमधल्या स्टुडिओत चढवले आणि बाराव्यात ठेवले. वाजलं ते दार ओढल्यासारखं.

चौकोनाला सुरुवात लागते आणि घिश्श्याला सुरुवात नसते, हे कळायला मला तीन आठवडे लागले. तळवा कातड्याला टेकला ती सुरुवात धरावी, तर सूर उचलतो तो उशिरा आणि 'धी' त्याच्यावर आदळतो. सूर उचलल्याची जागा धरावी, तर आधीची घसट कापली जाते आणि उरतो नुसता 'गे'. एक तुकडा मी इतक्या वेळा कापला की शेवटी मूळ आवाज कसा होता तेच आठवेना.

मग झोल, म्हणजे दर दुसरा चौकोन किंचित उशिरा येणं. रॉजर लिन यांनी ड्रम मशीनमध्ये तो टक्क्यांत मोजायची सोय आणली. पन्नास म्हणजे सरळ, सहासष्ट म्हणजे तिप्पट अंगाचा. मिनिटाला शंभर ठोके आणि ठोक्याला चार चौकोन धरले तर एक चौकोन दीडशे मिलिसेकंदांचा. अठ्ठावन्न टक्के ठेवले की बारावा चौकोन चोवीस मिलिसेकंद मागे सरकतो. चोवीस मिलिसेकंद! एवढ्या जागेवर मी पोरांना रडवलंय आणि "असं नाही, असं" यापलीकडे कधी काही सांगू शकलो नाही. उत्तर हवं म्हणून १९९४ च्या एका जत्रेतली माझी कॅसेट काढली, लॅपटॉपवर चढवली, आणि आवाजाची रेघ मोठी करून एकेक घाव मोजत बसलो. पहिल्या चार मात्रांत झोल पंचावन्नच्या आसपास. खालीत साठ. समेच्या तोंडाशी जवळजवळ सरळ. यंत्रात मात्र आकडा एकच, सगळ्या आवर्तनाला मिळून.

त्याच रेघेवर दुसरंही दिसलं. सुरुवातीला लय शहाण्णव होती, चार मिनिटांनी एकशे तीन. मी लय पळवत होतो. "घड्याळ लावून बघा" असं ज्या वाजवण्याबद्दल मी चारचौघांत म्हणायचो, ते हेच. पोरीला "पळतेस" म्हणून मी दोनदा ढोलकीवरून उठवलेलं आहे. ती फाइल मी तिच्यापासून पंधरा दिवस लपवली. नंतर दाखवली. ती काही बोलली नाही, मला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचीही लाज वाटली.

तिने एक गोष्ट मात्र समजावली. दुसरी खिडकी उघडली की माझा ठेका अडखळायचा. ती म्हणाली, ब्राउझरमध्ये दोन घड्याळं असतात. एक पानाचं, ते इतर कामांत अडकलं की मागे पडतं. दुसरं आवाजाचं, ते पक्कं. चांगलं यंत्र पानाच्या घड्याळाने नुसतं लक्ष ठेवतं आणि पुढचे घाव आवाजाच्या घड्याळात आधीच मांडून ठेवतं. मला हे फार पटलं. 'धी' ऐकू येतो तेव्हा हात कधीच निघालेला असतो, तो 'न'वर असतानाच 'धी' ठरलेला असतो.

चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत हेच ८०८ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा ती तबकडी फारशी कुणी विचारली नाही, पुढे जगाने डोक्यावर घेतली. मी ती आता ऐकली. त्यांनी यंत्राकडे हाताचा ठेका मागितलाच नाही, यंत्र सरळ चालतं तसं चालू दिलं. तो प्रामाणिकपणा मला आवडला. हल्लीच्या लावणीच्या रिमिक्समध्ये तयार ढोलकीचा लूप टाकतात, तिथे तो नाही. एकच घिस्सा, त्याच जोराचा, गाणं संपेपर्यंत दोनशे वेळा. तो कुणाच्या तरी हाताचा आहे, त्या हाताने तो एकदाच वाजवला होता. आमच्यातले जुने लोक यंत्राला शिव्या देतात तेही मला पटत नाही. त्यांनी सोळा चौकोन एकदा भरून बघावेत. आपण काय वाजवतो ते आपल्याला सांगता येत नाही, हे पहिल्याच संध्याकाळी कळतं.

डॉक्टरांनी आता रोज दहा मिनिटं परवानगी दिली आहे. मी आमचा ठेका लावतो, हलकी चाट, भरीव चाट, झोल अठ्ठावन्न, आणि बारावा चौकोन रिकामा ठेवतो. ढोलकी मांडीवर. उजवा हात नुसता ठेवलेला. दर जवळपास अडीच सेकंदांनी एक घिस्सा, एवढंच वाजवायचं. दहा मिनिटांत अडीचशे होतात. काल त्यातले सात-आठ मला पटले.