पासबुकातली 436 रुपयांची नोंद

मामा गेले तेव्हा 52 वर्षांचे होते. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांची उभी हयात गेली. हृदयविकाराचा झटका आला आणि मिरजेच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. मग मामीने ट्रंकेतून एक कापडी पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. "तुझे मामा सगळे कागद यात ठेवायचे. कशाचं काय आहे ते मला ठाऊक नाही. तूच बघ बाबा."

पिशवीत दोन बँकांची पासबुकं होती, एक विमा पॉलिसी, पतसंस्थेची ठेव पावती आणि प्रॉव्हिडंट फंडाची चुरगळलेली स्लिप. पगारातून पोटाला चिमटा घेऊन मामांनी पैसे राखले होते. ते कोणासाठी, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. ते कसे मिळवायचे, हे कोणालाच माहीत नव्हतं. पुढचे कित्येक महिने मी आणि मामी ते शिकत होतो. त्या काळात माझं एक मत पक्कं झालं. बचत केली म्हणजे कर्तव्य संपत नाही. माणूस गेल्यावर ती घरच्यांच्या हाती सुखरूप पोचली, तरच ती पुरी झाली.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या एका गृहस्थांनी मायेपोटी सल्ला दिला : "एटीएमचा पिन पोराला ठाऊक आहे ना? मग बँकेला कळायच्या आत पैसे काढून घ्या." मामीचा जीव खाली-वर झाला, कारण घरात खर्चाला खरंच पैसे नव्हते. पण खातेदार गेल्यावर त्या खात्यातले पैसे वारसांचे होतात. ते असे परस्पर काढले, तर उद्या बँकेलाही उत्तर द्यावं लागतं आणि भावंडांनाही. आम्ही महापालिकेतून मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती काढल्या, कारण प्रत्येक ठिकाणी एक लागतेच, आणि थेट शाखेत गेलो. पगाराच्या खात्यावर मामीचं नाव नॉमिनी म्हणून लागलेलं होतं. दाखला, तिचं आधार कार्ड आणि एक अर्ज, एवढ्यावर काम झालं. मामांनी कधीतरी भरलेल्या एका रकान्यामुळे तिच्या घरात त्या महिन्याचा किराणा आला.

दुसऱ्या बँकेच्या पासबुकावरून बोट फिरवताना मे महिन्याच्या अखेरीला 436 रुपये कापल्याची नोंद दिसली. त्याच्या खालीच 20 रुपये. मागच्या वर्षीही याच सुमाराला तेच आकडे. मामी म्हणाली, "बँकेचा काहीतरी चार्ज असेल." चार्ज नव्हता तो. 436 रुपये हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता असतो. योजना 2015 साली सुरू झाली. 18 ते 50 वयात नाव नोंदवता येतं, 55 पर्यंत संरक्षण मिळतं आणि मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला 2 लाख रुपये मिळतात. फक्त नव्याने नाव नोंदवल्यावर पहिल्या 30 दिवसांत अपघाताखेरीज इतर कारणांसाठी ते लागू होत नाही. 20 रुपयांची योजना अपघातापुरती असते, त्यामुळे ती इथे उपयोगाची नव्हती. शाखेतल्या बाईंनी दाव्याचा अर्ज काढून दिला आणि तो भरताना मामीशेजारी बसून राहिल्या. काही आठवड्यांनी मामीच्या खात्यात 2 लाख रुपये जमा झाले. ती नोंद कोणी वाचली नसती, तर हा विमा होता हेच कळलं नसतं. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येक घरात सांगतो, माणूस गेला की त्याचं पासबुक निदान दोन वर्षं मागे जाऊन ओळ न् ओळ वाचा. कापला गेलेला प्रत्येक आकडा कशाचा आहे ते शाखेत विचारा.

फौंड्रीच्या ऑफिसात आणखी एक गोष्ट समजली. पीएफ असलेला कामगार नोकरीत असताना गेला, तर साठलेल्या फंडाशिवाय त्याच्या कुटुंबाला विम्याची रक्कमही मिळते. ईडीएलआय हे तिचं नाव. तिचा हप्ता कामगाराच्या पगारातून कापला जात नाही, मालक भरतो; म्हणूनच बहुतेक कामगारांना ती आपल्यामागे उभी आहे याचा पत्ता नसतो. पगारानुसार ही रक्कम 7 लाखांपर्यंत जाऊ शकते. शिवाय पत्नीला मासिक पेन्शन आणि 25 वर्षांखालच्या दोन मुलांना वेगळी पेन्शन. मामांचा मुलगा तेव्हा डिप्लोमाला होता, त्याची फी त्या पेन्शनमधून निघाली. ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा द्यावा लागला.

खरी अडचण आली ती विमा पॉलिसीत. मामांनी ती लग्नाआधी काढली होती आणि नॉमिनी म्हणून आपल्या आईचं नाव लावलं होतं. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. लग्न झालं, मुलं झाली, घर बदललं. तो रकाना तसाच राहिला. मग वारस कोण हे शाबित करणं आलं : शपथपत्रं, वारसांच्या सह्या, साक्षीदार, पुन्हा शपथपत्रं. एका नावाच्या बदलाला पाच मिनिटं लागली असती. तो न झाल्याची भरपाई करताना आमची दिवाळी येऊन गेली.

याच निमित्ताने नॉमिनी आणि वारस यांतला फरक आम्हाला कळला. नॉमिनी म्हणजे ज्याच्या हाती संस्था रक्कम सोपवते तो; ती रक्कम अखेर कोणाची, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं. विम्यात मात्र 2015 च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील, तर त्यांचा त्या रकमेवर स्वतःचा हक्क मानला जातो. मामांचं मृत्युपत्र नव्हतं. हिंदू वारसा कायद्याने मामी, मुलगा आणि लग्न झालेली मुलगी, तिघांचा सारखा वाटा. नात्यातल्या काहींनी ताईकडून सही घेऊन मोकळं व्हायचं धरलं होतं. मामीने सगळ्यांसमोर सांगितलं, "तिच्या बापाचे पैसे आहेत. तिचा वाटा तिच्याच खात्यावर जाईल." आणि तसंच झालं. त्या दिवशी मामीचा मला फार अभिमान वाटला.

पतसंस्थेची ठेव व्याजासह मिळाली, पण तिथे एक धडा मिळाला. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नसतं. आणखी कुठे खातं राहून गेलं असेल का, हे आम्ही रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर शोधलं. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसांचा हक्क बुडत नाही. मूळ बँकेकडे अर्ज करून ती परत मागता येते.

पैसे हाती येताच ते दामदुप्पट करून देणारी माणसंही दारात आली. एकाने महिन्याला तीन टक्के व्याज कबूल केलं. मामीने त्याला विचारलं, "लेखी देता? कुठल्या सरकारी खात्याचा परवाना आहे?" तो चहा न घेता गेला. मामीने सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत मुदत ठेवीत ठेवला आणि मोठा भाग पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत. पाच वर्षांची मुदत, एका नावावर 9 लाखांपर्यंत, दर महिन्याला व्याज. जिने कधी बँकेची पायरी चढली नव्हती, ती आता स्लिप स्वतः भरते आणि पासबुक भरून घेतल्यावर काउंटरवरच वाचून बघते.

आमच्या दोन्ही घरांत आता एक वही आहे. तिच्यात खाती, पॉलिसी, पीएफचा यूएएन, कर्ज, कोणाला दिलेले-घेतलेले पैसे आणि प्रत्येकापुढे नॉमिनीचं नाव. पिन आणि पासवर्ड त्यात नाहीत. मे महिन्याच्या अखेरीला, ते 436 रुपये कापले जातात तेव्हा, आम्ही ती वही काढतो आणि लग्न, जन्म, मृत्यू झाला असेल तिथे नाव बदलतो. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, तीही सोय आम्ही वापरली. गल्लीतल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मामी आता बायकांना बजावून सांगते : नवऱ्याला पगार विचारू नका वाटलं तर, पण नॉमिनी कोण आहे ते आज घरी जाऊन विचारा, आणि तुमच्या स्वतःच्या खात्यावर कोणाचं नाव आहे तेही बघा.