नवा बंगला

आमच्या आळीत त्या घराला शेवटपर्यंत ‘नवा बंगला’ म्हणत. मी शाळेत जाऊ लागले तेव्हाच त्याच्या कौलांवर शेवाळ धरलं होतं आणि व्हरांड्याचे सागवानी खांब काळे पडले होते. नाव मात्र पणजीकडून आजीकडे आणि आजीकडून आमच्याकडे तसंच आलं. मी ते आयुष्यभर उच्चारलं. पण हे घरही कधीतरी नवं होतं, त्यातली माणसंही कधीतरी नव्या पैशाची पाहुणी होती, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही.

मी किहीमची. अलिबाग तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत छत्तीस वर्षं शिकवलं. ग्रामसभेत, गणपतीच्या मंडपात, मुंबईहून कोणी विचारायला आलं तर त्याच्यापुढे मी एकच गोष्ट सांगत आले: जुने श्रीमंत वेगळे होते. ते समुद्रासाठी आले, झाडांसाठी आले, गावाला आपलं मानून राहिले. आताचे येतात ते भिंत बांधायला. हे मी मनापासून सांगत होते आणि लोकही मान डोलावत. त्यातलं बरंचसं आज मी परत घेते आहे. चारचौघांत बोललेलं चारचौघांतच परत घ्यायला हवं, म्हणून हे लिहिते.

माझ्या बोलण्याला आधार होता. १९३० साली सालिम अली जर्मनीहून परतले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी पैशाअभावी रद्द झाली होती. ते आणि त्यांच्या पत्नी तेहमिनाबाई किहीमला येऊन राहिले. इथे त्यांनी सुगरणींचा अभ्यास केला. नर खोपा अर्धा विणतो, मादी येऊन तो पारखते, पसंत पडला तर तिथे संसार मांडते, आणि नर लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा विणायला घेतो, हे त्यांनी आमच्या गावात बसून जगाला दाखवलं. सुगरणीचा धडा आला की मी मुलांना बाहेर नेऊन ही हकिगत सांगायची. बड्या घराण्यातला माणूस तासन्‌तास एका पाखराकडे बघत बसतो. जुन्या श्रीमंतीचं माझ्या मनातलं चित्र हे असं होतं.

त्याच्या शेजारी दुसरं चित्र मी पुढे लावलं. ८ मार्च २०१९ला नीरव मोदीचा किहीमच्या किनाऱ्यावरचा बंगला सुरुंग लावून पाडला. किनाऱ्याचे नियम धाब्यावर बसवून बांधलेलं ते प्रचंड घर काही क्षणांत धुळीला मिळालं. त्या दिवशी मी घरात हात जोडले. त्यानंतरच्या प्रत्येक भाषणात माझ्याकडे दोन्ही चित्रं तयार असत: खोप्याखाली बसलेला माणूस आणि सुरुंगाने पडलेला बंगला. मला वाटायचं, यापुढे आणखी काही सांगायची गरजच नाही.

आता वाटेची गोष्ट. नव्या बंगल्याच्या वाडीतून आमच्या आळीची समुद्रावर जायची वाट होती. कुंपणाला एक लाकडी आडणं, ते सरकवलं की पोफळींच्या गार सावलीतून विहिरीच्या कडेने थेट सुरूच्या बनात आणि तिथून वाळूत. बायका पहाटे त्याच वाटेने जात, जाळी खांद्यावर घेतलेले पुरुष त्याच वाटेने परतत, गणपती त्याच वाटेने विसर्जनाला निघत. बंगल्यातल्या मोठ्या बाई तेव्हा फाटकाशी येऊन उभ्या राहात आणि प्रत्येक मूर्तीवर फुलं वाहात. त्यांचा धर्म वेगळा होता, पण हे त्यांनी एक वर्षही चुकवलं नाही. माझ्या डी.एड.ची फी त्यांनीच भरली. उन्हाळ्यात आळीतल्या विहिरी आटल्या की त्यांच्या विहिरीवर आमच्या कळशांची रांग लागे. यातलं काहीच मी आजही खोटं म्हणणार नाही.

नारळी पौर्णिमेला आळीतले चार कर्ते पुरुष शेंडी राखलेला एक नारळ घेऊन बंगल्यावर जात. ‘यंदाही वाट असू द्या,’ असं म्हणत. मोठ्या बाई हसून म्हणत, ‘असं काय विचारता? वाट तुमचीच आहे.’ मग सगळ्यांना सरबत मिळे.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि एका दुपारी वाडीतल्या निम्म्याहून अधिक पोफळी आडव्या झाल्या. मोठ्या बाई त्याआधीच गेल्या होत्या. वारस परदेशी. त्याच वर्षी मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली होती. मोटारीसकट माणूस तासाभरात खाडीपलीकडून इथे उतरू लागला. गुंठ्याचा भाव आठवड्याला नवा ऐकू येई. वाडी विकली गेली, आणि पुढच्या पावसाळ्याआधी वाटेच्या तोंडावर जांभ्याची पुरुषभर उंच भिंत उभी राहिली. वर कॅमेरा, आत पहारेकरी.

इथे माझी चूक सुरू होते. आळीतली पोरं दुसऱ्याच दिवशी अर्ज करायला निघाली होती. १९०६च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली वाडीतली अडवलेली वाट मोकळी करून मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, जुन्या मालकांना कळवू, ती सुसंस्कृत माणसं आहेत, त्यांचा एक शब्द पुरेल. मी पत्रं लिहिली, फोन केले. ते अतिशय गोड बोलले, आईची आठवण काढून गहिवरलेही. पण व्यवहार पुरा झाला आहे, आता आमचा संबंध राहिला नाही, असं म्हणाले. या सगळ्यात सहा महिने उलटून गेले. मुदत माझ्यामुळे गेली. आळीत कोणी मला तोंडावर बोललं नाही, याने तर मला अधिकच लागलं.

अलिबागला एका वकिलांकडे गेलो. त्यांनी १८८२चा इझमेंटचा कायदा समजावला. दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार, हक्क म्हणून ये-जा केली असेल तर तो हक्क पक्का होतो. वीस काय, आमच्याकडे ऐंशी वर्षांचे साक्षीदार होते. म्हातारे भाऊकाका उत्साहाने सांगू लागले, ‘साहेब, आम्ही दर नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन जायचो, विचारून.’ वकिलांनी लिहिता लिहिता पेन ठेवलं. ‘विचारून जात होता?’ काका म्हणाले, ‘हो, दर वर्षी. एक वर्ष चुकलं नाही.’ वकील म्हणाले, ‘मग ती परवानगी झाली. परवानगीने शंभर वर्षं चाललात तरी हक्क होत नाही.’

बाहेर पडल्यावर काका कोर्टाच्या पायरीवर बसले ते बराच वेळ उठेनात.

मला वाटायचं तो नारळ आमच्या आणि बंगल्याच्या जिव्हाळ्याचा पुरावा आहे. तो पुरावाच होता, पण आमच्या विरुद्धचा. मोठ्या बाईंच्या मनात तसं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. आमच्याही मनात नव्हतं. म्हणून तर ‘बाई, एवढं कागदावर लिहून द्या’ असं एकदाही कोणाच्या तोंडून निघालं नाही. अशा प्रेमळ माणसाकडे कागद मागणं हा अपमान वाटला असता.

वाटेचा काही उल्लेख सापडतो का म्हणून मी जुन्या फेरफारांच्या आणि कूळकायद्याच्या चौकशीच्या नकला काढल्या. त्यात माझे आजोबा भेटले. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने तिचं मालक मानलं गेलं, आणि मग गावोगाव चौकश्या झाल्या. आजोबांनी ती वाडी उभ्या आयुष्यात राखली होती. रहाटाचं शिंपणं, नारळ उतरवणं, सुपारी वाळवणं, सगळं आमच्या घराचं. उत्पन्न निघालं की मालकांचा वाटा मुंबईला पोचवायचा, उरेल ते आमचं. पगार म्हणून एक पैसाही आमच्या घरात कधी आला नाही. आणि कागदावर आजोबांचा जबाब होता की मी कूळ नाही, मालकांचा पगारी गडी आहे, जमिनीवर माझा हक्क नाही. खाली अंगठा.

त्या जबाबाच्या तारखेकडे मी बघत राहिले. आमच्या घरात एक गोष्ट अभिमानाने सांगितली जाई. एकदा बंगल्याचे शेठ स्वतः आमच्या झोपडीवर आले, सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले, आजीच्या हातची तांदळाची भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी आजोबांना आपल्या मोटारीत शेजारी बसवून अलिबागला घेऊन गेले. आजी म्हणायची, एवढा मान या आळीत कोणाला मिळाला नाही. ती मोटार कशासाठी गेली होती ते मला साठी उलटल्यावर कळलं.

कोणी दरडावलं नव्हतं. त्याची गरजच पडली नाही. मी दर वर्षी मुलांना चरीचा संप शिकवला. आमच्याच तालुक्यात १९३३पासून नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांनी सहा वर्षं जमिनी पडीक टाकल्या, उपाशी राहिले, पण खोतापुढे वाकले नाहीत. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ला त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. हे सांगताना माझा आवाज चढायचा. खोत जुलमी होता म्हणून चरीच्या लोकांना आपला हक्क दिसला. आमचे शेठ भाकरी खाऊन गेले, म्हणून आम्हाला आमचा खंड खंड वाटला नाही आणि आमची कूळवहिवाट कूळवहिवाट वाटली नाही.

मग पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण माझं मत खरं तिथे फिरलं. नव्या मालकाशी पोरं दोन वर्षं भांडली. ग्रामसभेचे ठराव झाले, मोर्चा गेला, त्याच्या वकिलांना नोटिसा गेल्या. तो माणूस मला आजही आवडत नाही. आमच्याशी बोलताना त्याने एकदाही खुर्ची दिली नाही. रात्रभर त्याचे दिवे समुद्रावर जळत असतात, शनिवार आला की दणदणाट सुरू होतो, आणि त्याची बोअरवेल झाल्यापासून आळीतल्या दोन विहिरींचं पाणी मचूळ लागतं. पण त्याला कटकट नको होती. शेवटी त्याने कुंपणाच्या बाहेरून सहा फुटांची पट्टी आम्हाला लिहून दिली. रजिस्टर्ड कागद, नकाशा, सह्या, सातबाऱ्यावर नोंद. ही वाट लांबची आहे, गटाराच्या कडेने जाते, सावली नाही. विसर्जनाला पाट घेऊन जाताना दोघांना तिरकं चालावं लागतं. तरीही ती आमची आहे, आणि उद्या त्याने हे घर कोणालाही विकलं तरी आमचीच राहणार आहे. माझा भाचा त्याच्याकडे माळीकाम करतो. त्याला बँकेत पगार येतो आणि आठवड्याची सुट्टी मिळते. आजोबांना ती कधी नव्हती.

यावरून कोणी म्हणेल की मी आता नव्यांच्या बाजूची झाले. तसं नाही. विहिरीच्या पाण्याबद्दल मी याच महिन्यात तहसीलदारांकडे अर्ज दिला आहे. एवढंच झालं, की पैसा किती पिढ्यांचा हे विचारायचं मी सोडलं. या किनाऱ्यावर जो तो मुंबईत मिळवलेला पैसा घेऊनच आला. कापसाच्या तेजीतला असो, गिरण्यांचा असो की शेअर बाजारातला, आला तेव्हा प्रत्येक बंगला नवाच होता. वागणुकीतला फरक खरा आहे आणि चांगल्या वागणुकीची मला आजही ओढ आहे. पण त्या ओढीपोटी मी एका आळीची मुदत घालवली.

गावात अजून एक-दोन जुनी घरं आहेत. त्यातल्या एकाच्या वाडीतूनही वाट जाते. मालकीणबाई नव्वदीच्या घरात आहेत, दर हिवाळ्यात येऊन राहतात, मला मुलीसारखं मानतात. मागच्या नारळी पौर्णिमेला त्या मुद्दाम आल्या होत्या. मी नारळ घेऊन गेले, आणि पिशवीत वाटेच्या नोंदीचा संमतिअर्ज होता. तो काढताना माझा हात थरथरला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाल्या, ‘अगं, तुम्हाला कधी कोणी अडवलंय का इथे?’

‘नाही बाई,’ मी म्हटलं, ‘तुम्ही अडवत नाही, म्हणूनच तुमच्याकडे मागायला आले.’

त्यांनी अर्ज घडी करून चष्म्याच्या घराखाली ठेवला आणि सरबत आणायला सांगितलं. सही अजून झालेली नाही. येत्या रविवारी मी परत जाणार आहे.