मेणवलीच्या घाटावर छायाप्रकाशाचा धडा

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने खंबाटकीचा घाट उतरून सुरूर फाट्यास उजवीकडे वळले म्हणजे वाईची वाट लागते. आमचे बाळपण वाईसच गेल्यामुळे या वाटेने आम्ही किती वेळा गेलो असू याची गणती नाही. परंतु गेल्या वैशाखात गेलो, तो एक विशेष काम घेऊन. आमचे वडील बंधू, ज्यांस घरातील लहानथोर सारे ‘दादा’ म्हणतात, ते गुडघ्यांच्या दुखण्यामुळे गेली तीन वर्षे माडीवरून खाली उतरलेले नाहीत. मेणवलीचा घाट पुन्हा एकदा पाहावा, ही इच्छा ते वारंवार बोलून दाखवीत. घाट काही उचलून आणता येत नाही. तेव्हा त्याचे छायाचित्र तरी आणू, असे आम्ही त्यांस वचन देऊन बसलो. पुतण्याने आपला जुना डिजिटल कॅमेरा आमच्या गळ्यात अडकविला आणि म्हणाला, ‘‘काका, नुसते बटण दाबा, बाकीचे सारे तोच पाहील.’’

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरांवर आहे. येथे नाना फडणवीसांचा वाडा, वाड्यामागे कृष्णेवरचा चंद्रकोरीसारखा काळ्या दगडाचा घाट आणि घाटावर विष्णूची व मेणेश्वराची देवळे. जवळच एका लहानशा दगडी देवळात ती प्रसिद्ध घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. तीवर बाल येशूसह मेरीची आकृती आणि १७०७ हा सनाचा आकडा स्पष्ट दिसतो. २००४ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्वदेस’ या बोलपटात हा घाट दिसल्यापासून परगावची मंडळीही येथे पुष्कळ येतात.

आम्ही भर दुपारी पोहोचलो, बटण दाबीत सुटलो आणि घरी येऊन पाहतो तो काय! काळाभोर घाट राखेसारखा करडा, आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे आणि घंटेच्या जागी निव्वळ अंधार. दादांनी चित्रे पाहिली व काही न बोलता चष्मा काढून ठेवला. ते न बोलणे आम्हांस फार लागले.

तेव्हा दादांच्या नातीस आम्ही गुरू केले. ती अभियांत्रिकीच्या वर्गात शिकते. चाळीस वर्षे दुसऱ्यांस शिकविलेल्या मनुष्यास पाटीपेन्सिल घेऊन बसावे लागले, याची घरात पुष्कळ थट्टा झाली. ती म्हणाली, ‘‘आबा, कॅमेऱ्याला काळे-पांढरे कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम करडे आहे असे धरून तो प्रकाश मोजतो. काळा दगड दिसला की तो प्रकाश वाढवितो. म्हणून दगड करडा झाला आणि आकाश जळाले.’’ यावर उपाय असा की, दृश्य काळे असेल तेव्हा प्रकाश आपण होऊन थोडा उणा करावा.

प्रकाशाचे गणित तीन गोष्टींवर चालते. पहिली भिंगाचे छिद्र, म्हणजे अॅपर्चर. याचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. कारण भिंगाच्या नाभ्यंतरास छिद्राच्या व्यासाने भागून हा आकडा येतो. एफ ४ वरून एफ ५.६ वर गेले की प्रकाश निम्मा होतो. दुसरी शटर उघडे राहण्याचा काळ: सेकंदाच्या तिसाव्या भागाऐवजी साठावा भाग घेतला तरीही प्रकाश निम्माच. तिसरी आयएसओ: हा आकडा दुप्पट केला की चित्र दुप्पट उजळते, परंतु फार वाढविल्यास चित्रावर रवा दिसू लागतो. एकीकडे निम्मे केले तर दुसरीकडे दुप्पट करावे. हे तर आमचे जुने व्यस्त त्रैराशिक! ते ओळखताच आमची भीती निम्मी झाली.

मार्गशीर्षात पुन्हा मेणवलीस गेलो, ते भल्या सकाळी. कोवळे ऊन तिरपे पडल्यामुळे प्रत्येक पायरीची कड वेगळी दिसत होती. दुपारी डोक्यावरचे ऊन ती पुसून टाकते. एफ ८, सेकंदाचा सव्वाशेवा भाग आणि आयएसओ १०० असे मान ठेवून घाट टिपला. घंटेपाशी खांबास पाठ टेकून, श्वास रोखून, एफ ४, तिसावा भाग आणि आयएसओ १६०० धरले. सनाचा आकडा स्वच्छ उमटला, तेव्हा आम्हांस जो आनंद झाला तो परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलासही होत नसेल.

आता राहिले संस्करण. चित्र साध्या जेपेग रूपात ठेवले तर प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात; चौदा बिटांच्या रॉ रूपात १६,३८४. म्हणून रॉ चित्रातील सावलीत दडलेला तपशील पुष्कळ वर काढता येतो. मात्र अगदी जळून पांढरा झालेला भाग परत येत नाही. आम्ही कललेली देवळे सरळ केली, सावल्या उजळल्या, सकाळची निळसर झाक काढली. येथवर ठीक होते. पण हातात विद्या आली की हाव सुटते. घाटावरून गेलेली विजेची तार पुसली. गढूळ पाणी निळे केले. खालच्या पायरीवर तीन बायका पाठमोऱ्या धुणे धूत होत्या. चित्र ‘पवित्र’ दिसावे म्हणून त्यांसही पुसले.

मोठ्या डौलाने ते चित्र दादांपुढे ठेवले. त्यांनी बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, ‘‘अरे, घाटावर माणूस कसे नाही?’’

आम्ही कौतुकाने आमचे कौशल्य सांगितले. दादा म्हणाले, ‘‘प्रक्षिप्त काढायला गेलास आणि मूळ श्लोकच गाळलास! त्या खालच्या पायरीवर आई धुणे धूत असे. मला ती पायरी पाहायची होती.’’

आम्ही निरुत्तर झालो. भांडारकर संस्थेच्या पंडितांनी महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९१९ ते १९६६ पर्यंत खपून सिद्ध केली, ती कथा आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितली होती. लेखनिकाचा प्रमाद काढावा, पण न आवडलेला पाठ आपल्या रुचीस्तव गाळू नये, हा संपादकाचा धर्म. तोच धर्म येथे आम्ही विसरलो. कॅमेऱ्याने केलेली चूक दुरुस्त करणे वेगळे आणि घाटाने न केलेली चूक दुरुस्त करणे वेगळे.

सुदैवाने मूळ रॉ चित्रास धक्का लागलेला नव्हता. त्याच रात्री नातीस जवळ बसवून आम्ही सावल्या व कल तेवढे सुधारले. तार, गढूळ पाणी आणि त्या तिघीजणी जशाच्या तशा राहू दिल्या. ते चित्र आता दादांच्या उशाशी आहे. सकाळी चहाच्या वेळी ते भिंग घेऊन खालच्या पायरीपासून वर मोजीत जातात आणि आम्हांस म्हणतात, ‘‘बस, आज तुला आईची एक गोष्ट सांगतो.’’

ज्या घरी असे कोणी माडीवर बसून असेल, त्या घरच्या मंडळींनी कॅमेरा जरूर शिकावा. विद्या अवघड नाही; व्यस्त त्रैराशिक येत असले म्हणजे पुरे. मात्र काय पुसावे, हे आधी त्या माडीवरच्या मनुष्यास विचारून घ्यावे.