काकांचं रिव्हॉल्व्हर

आमच्या तारोडीच्या घरात थोरल्या काकांचं परवान्याचं जुनं वेबली होतं. ३२ बोअरचं, सहा गोळ्यांचं. मिठागराच्या मजुरीचे पैसे घेऊन भाईंदरहून अंधारातून यावं लागे, म्हणून घेतलेलं. पुढे मिठागर सुटलं, हे राहिलं. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा व्हायचं, निकालानंतर घरी यायचं.

एकदा परत आल्यावर काकांनी ते रिकामं असल्याची खात्री केली आणि घोडा हळूहळू मागे ओढला. घोडा पुरता चढला, पण चक्र अर्धवट राहिलं. बोटाने ढकललं तेव्हा कुठे खट्‌कन बसलं.

"टायमिंग गेलंय रे ह्याचं."

घोडा ओढला की आतली छोटी दांडी चक्राच्या दात्याला ढकलते. तिचं टोक झिजलं की चक्र केसभर मागे राहतं. गोळी नळीच्या तोंडाशी घासते आणि शिशाच्या कपच्या बाजूला उडतात. शेजारी उभा असेल त्याच्या डोळ्यात!

"एक टाका मारून कानस फिरवतो, अर्ध्या तासाचं काम," ओळखीचा लेथवाला म्हणाला. पण १९५९च्या शस्त्र कायद्याने दुरुस्तीलाही परवाना लागतो. काकांनी त्याला हात जोडले.

मी म्हटलं, "काका, वापरत नाही तर देऊन टाका ना."

"देईन तेव्हा देईन. घरात आहे तोवर नीट पाहिजे. बिघडलेलं हत्यार बघून कुणाला कळतं?"

मुंबईच्या परवानाधारक मिस्त्रीने सहाही घरं एकेक करून तपासली. दाते सारखे झिजत नाहीत म्हणे. दांडी नवी घडवावी लागली. तीन आठवडे गेले.

घरी आल्यावर काकांनी कान लावून सहा वेळा घोडा ओढला. सहा वेळा खट्‌.

आतून काकू म्हणाली, "झालं का तुमचं घड्याळ दुरुस्त? जेवायला या आता."