उंबरठ्याच्या अलीकडे

सुवार्तिकाचं काम किती जणांनी बाप्तिस्मा घेतला यावर मोजायची सवय मंडळ्यांना आहे, तशीच त्यांच्या टीकाकारांनाही आहे. चेन्नईत घरोघरी जाऊन सुवार्ता सांगणाऱ्या माझ्यासारख्याला हे मापच चुकीचं वाटतं. मैदानावरच्या सभेत वक्ता मंचावर असतो, माइक त्याच्या हाती असतो. मोबाइलवर येणारं प्रवचन ऐकणाऱ्याला मध्येच प्रश्न विचारता येत नाही. दारात मात्र घर दुसऱ्याचं, वेळ दुसऱ्याची आणि बोलणं कुठं थांबवायचं हे ठरवणाराही तोच. विश्वासाबद्दल प्रामाणिक बोलणं तिथंच होतं जिथं समोरच्याला निर्धास्तपणे ‘नको’ म्हणता येतं. म्हणून घरोघरी जाणं ही ख्रिस्ती साक्षीची सर्वांत प्रामाणिक रीत आहे, असं माझं म्हणणं आहे. तिचं मोल ऐकणाऱ्याला जितकं, त्याहून अधिक सांगणाऱ्याला आहे.

याचा आधार शास्त्रातच आहे. लूकच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना जोडीजोडीनं पाठवतो, ते थैली, झोळी, वहाणा काहीही न घेता. घरात पाऊल टाकताना आधी शांती चिंतायची, पुढ्यात येईल ते खायचं, कुणी स्वीकारलं नाही तर निघून जायचं. देण्यासारखं हातात काही नाही, उलट जेवणासाठीही यजमानावरच अवलंबून, अशा स्थितीत त्यांना मुद्दाम ठेवलेलं दिसतं. पौल इफिसच्या मंडळीच्या वडीलजनांना चारचौघांत आणि घरोघरी शिकवल्याची आठवण देतो ती प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात. त्याच भाषणात तो हेही सांगतो, की कुणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरला नाही, स्वतःच्या हातांनी कष्ट करून पोट भरलं. या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या, की सुवार्तिकाचा विक्रेता होतो.

या तमिळ किनाऱ्याचा इतिहासही हेच सांगतो. प्रेषित थोमा मैलापूरला आला आणि इथंच हुतात्मा झाला, ही परंपरा सांतोमच्या बॅसिलिकेनं जपली आहे. तो एकटा परदेशी माणूस कुणाच्या तरी दारातच उभा राहिला असणार. १७०६ मध्ये तरंगमबाडीला उतरलेला मिशनरी झीगेनबाल्ग तमिळ लोकांशी बोलत, त्यांना प्रश्न विचारत राहिला. त्या बोलण्यांतून आणि तमिळ ग्रंथांच्या वाचनातून १७१३ मध्ये त्यानं दक्षिणेतल्या देवदेवतांवर एक ग्रंथ लिहिला. जर्मनीतल्या त्याच्या वरिष्ठांना तो छापण्याजोगा वाटला नाही. अखेर तो छापला गेला १८६७ मध्ये, मद्रासला. सांगायला गेलेला माणूस ऐकून आला आणि ते त्यानं जपून लिहून ठेवलं, हे मला त्याच्या कामाचं मोठं फळ वाटतं. मराठी वाचकाला जवळचं उदाहरण तंजावरचं आहे. श्वार्ट्झ या मिशनऱ्यानं तिथल्या मराठा राजघराण्यातल्या तरुण सरफोजींच्या शिक्षणाची काळजी घेतली, गादीवरच्या त्यांच्या हक्कासाठी कंपनी सरकारकडं शब्द टाकला. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत, तरीही १७९८ मध्ये श्वार्ट्झ गेल्यावर त्यांनी फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत या नात्याला जागा नाही. ते व्यर्थ गेलं असं मात्र कोण म्हणेल?

पहिला आक्षेप असा, की न बोलावता दारात जाणं हीच घुसखोरी आहे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. चेन्नईतल्या जुन्या घरांना रस्त्याकडेला तिण्णै असे; आपल्या ओट्यासारख्या त्या जागेवर अनोळखी माणूसही टेकू शके आणि घराचा आतला भाग त्याच्यापासून सुरक्षित राही. आता फाटकावर वॉचमन आणि नोंदवही आहे. तो ‘नाही’ म्हणाला तर तेच त्या घरांचं उत्तर समजून परत फिरावं. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या स्ट्रदर्स शहराच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं दार वाजवण्यावर शहरानं घातलेली सरसकट बंदी रद्द केली आणि कुणाला दारात येऊ द्यायचं हा निर्णय घरमालकाचा मानला. मला ही विभागणी न्याय्य वाटते. म्हणून दुपारच्या विश्रांतीची वेळ टाळावी, दारातल्या कोलमवर, म्हणजे रांगोळीवर, पाय पडू देऊ नये, घरात मूल एकटं असेल तर तिथूनच मागं फिरावं. हे निव्वळ शिष्टाचाराचे नियम नाहीत. ज्याचा संदेश प्रेमाचा आहे, त्याच्या वागण्यात तो आधी दिसला पाहिजे.

दुसरा आक्षेप धर्मांतराचा. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदानं धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला, तर १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. तमिळनाडूनं २००२ मध्ये सक्ती आणि आमिषाच्या धर्मांतराविरुद्ध कायदा केला, तो २००४ मध्ये मागं घेतला. कायदा असो वा नसो, आजाऱ्याच्या उशाशी औषध आणि उपदेश एकाच हातानं देणं मला पाप वाटतं. मदत करावी, पण तिची अट किंवा परतफेड म्हणून प्रार्थना मागू नये. अंतःकरण पालटणं देवाचं काम आहे असं आपण मानतो, तर ते घडवण्याची घाई आपण कशासाठी करावी? गांधीजी म्हणत, गुलाबाला बोलावं लागत नाही, त्याचा सुगंध पुरेसा असतो. त्यांच्या या म्हणण्यानं मिशनऱ्यांना अंतर्मुख केलं, ते योग्यच झालं. पण माणूस गुलाब नाही. त्याच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर सौम्यपणे, आदरानं उत्तर द्यावं, असं पेत्राचं पत्र शिकवतं. आपल्याला सर्वांत मोलाचं वाटतं तेच शेजाऱ्यापासून झाकून ठेवणं हा आदर नव्हे.

सर्वांत कठीण आक्षेप आपल्याच घरातून येतो, तो जातीचा. १८३३ मध्ये बिशप डॅनिएल विल्सन यांनी चर्चमधला जातिभेद मोडायचा हुकूम काढला, तेव्हा मद्रासच्या वेपेरीत आणि तंजावरात अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी विरोध केला. जात आजही कित्येक मंडळ्यांत लग्न जुळवताना आणि दफनभूमीत दिसते. दारोदार फिरणारा सुवार्तिक हे लपवू शकत नाही, कारण समोरचा माणूस नेमकं तेच विचारतो. कोणत्या गल्लीत तुम्ही जाता, कोणत्या घरचं पाणी पिता, आम्ही आलो तर कुठं बसवाल? सभेच्या मंचावर हे प्रश्न पोहोचत नाहीत, दारात ते चुकवता येत नाहीत. म्हणूनच प्रत्येक मंडळीनं हे काम पगारी सुवार्तिकावर न सोपवता पाळकांसह साऱ्या सभासदांनी करावं आणि ऐकलेले प्रश्न रविवारी उपासनेनंतर सर्वांसमोर मांडावेत. त्यातून एकही नवा सभासद न मिळता मंडळीचं स्वतःचं परिवर्तन सुरू झालं, तरी घरोघरी जाणं सार्थकी लागलं असं मी मानेन.