मुलांची पट्टी

गाणे शिकवणाऱ्या शिक्षकाजवळ दोन पट्ट्या असतात. एक लाकडाची. आमच्या लहानपणी ती टेबलावर पडलेली असे आणि तिच्याकडे नुसते पाहिले तरी पाढे आठवत. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना मारण्याची बंदी केली आणि ती बिचारी आता फक्त समास आखण्यापुरती उरली. दुसरी पट्टी पेटीवरची, म्हणजे ज्या स्वराला 'सा' मानून आपण गातो ती. हिच्यावर कुठल्याही कायद्याने बंदी घातलेली नाही. पण एखाद्या मुलाला हिचा फटका लाकडाच्या पट्टीपेक्षा अधिक लागतो, आणि वळ दिसत नाही म्हणून मारणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मी असा एक फटका मारलेला आहे. त्याची ही हकिकत.

मी 2014 साली तळवलीच्या एका शाळेत प्राथमिक शिक्षिका म्हणून रुजू झाले. ठाण्याहून गाडी, घणसोलीला उतरणे, पुढे रिक्षा. एका बाजूला पारसिकचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी कारखाने, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मध्ये उंच इमारतींच्या गर्दीत अंग चोरून उभे असलेले आगरी-कोळ्यांचे गाव. 1970 साली सिडको आली, भाताची खाचरे आणि मिठागरे गेली, शहर उभे राहिले. गाव मात्र आपल्या गावदेवीसह जागच्या जागी राहिले. वर्गातली निम्मी मुले ह्या गावातली, निम्मी कारखान्यांत कामाला आलेल्या परप्रांतीयांची. पंचेचाळीस मुले आणि घरी बोलायच्या पाच-सहा भाषा!

माझ्या अर्जात 'संगीत मध्यमा उत्तीर्ण' अशी एक ओळ होती. ती ओळ मला भोवली. पहिल्याच आठवड्यात कपाटावरची पेटी खाली काढण्यात आली. तिच्या भात्यात उंदरांनी संसार थाटला होता. "बाई, आता गाणे तुमच्याकडे," असे मला सांगण्यात आले. गाणे माझ्याकडे, म्हणजे स्वागतगीत माझ्याकडे, पंधरा ऑगस्ट माझ्याकडे, स्नेहसंमेलन माझ्याकडे, आणि कोणी पाहुणे अचानक येणार असले की "बाई, मुलांना काहीतरी म्हणायला लावा" हेही माझ्याकडे. संगीताचा तास वेळापत्रकात होता. पण परीक्षा जवळ आली की तो गणिताच्या पोटात जाई.

ह्यात कोणाचा विशेष दोष होता असे नाही. शिक्षणहक्काच्या कायद्यातच कलेसाठी अर्धवेळ निदेशक सांगितला आहे तो सहावी ते आठवीला, आणि तोही पट शंभराच्या वर गेला तर. पहिली ते पाचवीच्या चिमण्यांना गाणे शिकवायला वेगळा माणूस हवा, असे त्यात म्हटलेले नाही. तेव्हा ज्याला थोडेफार येते त्याच्या गळ्यात पेटी पडते. भाषेच्या शिक्षकाला अडले तर शेजारच्या वर्गात विचारता येते. गाण्याच्या शिक्षकाला अडले तर? सगळ्या शाळेत तो एकटा. चुकला तरी सांगणारे कोणी नाही, आणि बरोबर असला तरीही नाही.

मी अशी एकटी असतानाच 2017 च्या जून महिन्यात तो मुलगा माझ्या तिसरीच्या वर्गात आला. काळा, तरतरीत, दोन्ही खिशांत गोट्या. गाण्याची त्याला भारी हौस. सगळ्यांच्या आधी सुरू करी, सगळ्यांच्या नंतर थांबे, आणि मधल्या काळात एका जाड स्वरावर घुमत राही. पंधरा ऑगस्ट आठ दिवसांवर आला. चाळीस मुले एकीकडे आणि त्याचा घुमारा एकीकडे. शेवटी मी त्याला बाजूला घेतले आणि अगदी गोड आवाजात म्हटले, "हे बघ बाळ, तू पुढच्या रांगेतच उभा राहा हं. पण गाऊ नकोस. नुसते ओठ हलव."

त्याने मान डोलावली आणि खरोखरच नुसते ओठ हलवले. इतके बेमालूम, की पाहुण्यांनी नेमके त्याचेच कौतुक केले.

कार्यक्रम संपल्यावर त्याची आजी मला फाटकापाशी भेटली. नऊवारी लुगडे, हातभर हिरवा चुडा. आगरी लग्नात धवले म्हणणारी जी बाई असते, जिला धवलारीण म्हणतात, ती ही आजी. भटजीच्या मंत्राइतकाच तिथे धवलारणीच्या गाण्याला मान. आजी भांडली नाही. एवढेच म्हणाली, "बाय, माझे नातवाला गाना येतं. रोज माझे संगती म्हनतं. तुमचे पेटीला येत नसंल."

मी हसले. आजींना नातवाचे कौतुक असायचेच, असे मनाशी म्हटले. पण रात्री झोप लागेना. तो घरी आजीबरोबर सुरात गातो, आणि वर्गात माझ्याबरोबर बेसूर होतो, हे कसे? आणि हे विचारायचे कोणाला?

विचारायला माणूस मिळाला तो गाडीत. त्याच महिन्यात मी पेटी दुरुस्तीला ठाण्याला नेत होते. समोरच्या बाकावरच्या बाईंनी पेटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "शाळेतली ना? उंदीर?" त्या ऐरोलीच्या एका शाळेत होत्या आणि त्यांच्याही पेटीची तीच व्यथा होती. ठाणे येईपर्यंत आम्ही एकमेकींना आपापली सगळी रडगाणी ऐकवली, आणि उतरताना ठरले, की पुढच्या शनिवारी दुपारी त्यांच्या घरी जमायचे. त्यांनी रबाळ्याच्या एका सरांना सांगितले, सरांनी आपल्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींना. चार माणसे, दोन पेट्या, एक डबा कांदेपोहे. आमच्या मंडळाची स्थापना ही अशी झाली. आम्ही त्याला नाव ठेवले नाही. शाळेतल्या गाण्याला नावे ठेवणारी माणसे पुष्कळ आहेत, त्यात आमची भर कशाला?

त्या पहिल्या शनिवारी मी सगळी हकिकत सांगितली. गुरुजींनी विचारले, "तुमचा सा कुठला हो, बाई?"

"काळी पाच."

"आणि मुलांचा?"

मी गप्प. मुलांना वेगळा सा असतो, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते! काळी पाच ही पुष्कळशा बायकांच्या गळ्याला सोयीची पट्टी. मी तीत शिकले, तीत परीक्षा दिली, आणि तीतच पंचेचाळीस मुलांना ओढून नेत होते. गुरुजींनी पेटी पुढे घेतली. सात-आठ वर्षांच्या मुलाचा गळा लहान. खालचे स्वर त्याला निघतच नाहीत. मध्य सप्तकातल्या पांढरी दोनपासून वर चार-पाच सुरांत तो सुखाने फिरतो. माझे स्वागतगीत खाली मंद्र पंचमापर्यंत उतरत होते. बाकीची मुले तिथे गात नव्हतीच, नुसती पुटपुटत होती. प्रामाणिकपणे तो स्वर काढायला धडपडणारा एकच, आणि त्यालाच मी गप्प केले होते. आजीचा आवाज उघडा, चढा; तिच्या पट्टीत त्याचा गळा मोकळा होत होता. पेटीलाच येत नव्हते हे अक्षरशः खरे होते.

"मग आता करू काय?" मी विचारले.

"काही नाही. चार घरे वर चढा. आणि तो ज्या सुरावर असेल त्यावर आधी तुम्ही जा. तिथे त्याला भेटा. मग बोट धरून हळूहळू इकडे आणा."

मला शिकवणाऱ्यांनी राग शिकवले, ताना शिकवल्या. पण हे एक वाक्य आठ वर्षांच्या तालमीत मला कोणी सांगितले नव्हते. सांगणार तरी कसे? ते मैफलीचे गवई घडवत होते.

त्यानंतरच्या शनिवारांत मला उमगले, की आम्ही काही नवीन करत नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते मुख्यतः गाणे घराण्यांच्या भिंतींबाहेर आणावे म्हणून. त्यांचे शिष्य गावोगाव जाऊन गाणे शिकवू लागले. 1931 साली पंडितजी गेले. आता हे शिष्य आपापल्या गावी एकेकटे पडायचे. पण त्याच वर्षी ते एकत्र आले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक. पुढे 1947 पासून 'संगीत कला विहार' हे मासिकही निघाले. त्या मंडळाची वास्तू आमच्या वाशीतच आहे. ज्या परीक्षेच्या कागदामुळे पेटी माझ्या गळ्यात पडली, ती परीक्षा मुळात एकट्या पडलेल्या शिक्षकांनी एकमेकांना धरून राहावे म्हणून जन्मली होती, हे मला तेव्हा कळले.

ऐरोलीच्या बाईंनी एकदा हंगेरीच्या झोल्तान कोदाय ह्यांची गोष्ट सांगितली. एवढा मोठा संगीतकार, पण शाळेतल्या पोरांचे गाणे ऐकून अस्वस्थ झाला आणि शाळेच्या मागे लागला. 1950 साली केच्केमेत गावी रोज गाणे असणारी प्राथमिक शाळा निघाली. त्यांच्या पद्धतीत 'सा' आपल्यासारखाच हलता असतो, आणि आधी शिकवतात ते दोनच स्वर: पंचम आणि गंधार. हाताच्या खुणांनी स्वर दाखवतात. बाईंनी आम्हांला त्या खुणा करून दाखवल्या: कमरेपाशी मिटलेली मूठ म्हणजे सा, छातीसमोर स्वतःकडे वळवलेला तळवा म्हणजे प. आम्ही चार प्रौढ माणसे मुठी आवळून बसलेली पाहून त्यांचे यजमान चहा घेऊन आले ते दारातच थांबले. त्यांना वाटले, भांडण जुंपले!

मंडळींची संख्या वाढून पुढे चौदा झाली. कोणाची पेटी बिघडली तर दुसऱ्याची जाई. कोणाचा आवाज बसला तर ओरडण्याऐवजी टाळ्यांच्या बोलांनी वर्ग शांत कसा करावा, हे कोणीतरी दाखवी. 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा आम्ही मोबाइलवर एकत्र गायचा प्रयत्न केला. पण प्रत्येकाचा आवाज क्षणभर उशिरा पोहोचे आणि समूहगीताची पार भेळ होई. मग आम्ही गाणे सोडून नुसते बोलत बसलो. तेही गाण्याइतकेच उपयोगी पडले. 2023 च्या शिवजयंतीपासून 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झाले. ते मुलांना कुठल्या पट्टीत बसेल, ह्यावर आमचे दोन शनिवार गेले. शाहीर साबळ्यांचा बुलंद आवाज पहिलीच्या मुलांनी काढायचा म्हणजे काय गंमत आहे?

पण तो मुलगा? त्याचे सांगायचे राहिले.

मी दुसऱ्याच सोमवारी वर्गात पट्टी बदलली. खाली उतरणारी गाणी बाजूला ठेवली. मुलांना आगगाडीच्या भोंग्यासारखा आवाज खालून वर न्यायला लावला. वर्गाचा आवाज असा काही उजळला, की शेजारच्या वर्गातले गणित थांबले. आणि तो? तो पुढच्या रांगेत उभा राहून नुसते ओठ हलवत होता. मी त्याला जवळ घेऊन म्हटले, "बाळ, आता गा. चूक माझी होती." त्याने मान डोलावली. ओठ हलवले. आवाज नाही. तिसरी अशीच संपली. मी एका वाक्यात बंद केलेले दार मला वर्षभर उघडता आले नाही.

हीही गोष्ट शनिवारी बाहेर आली. कोणी मला "जाऊ द्या हो" म्हटले नाही, ह्याचे मला फार बरे वाटले. रबाळ्याचे सर हळूच म्हणाले, "माझाही एक आहे असा." मग आणखी एका बाईंचा निघाला. गुरुजी बराच वेळ पेटीचा भाता उघडझाक करत बसले, आणि म्हणाले, "माझे मोजायला बोटे पुरायची नाहीत." मग त्यांनीच सुचवले, "त्या आजींनाच वर्गात बोलवा. तुम्ही शिका."

तो चौथीत असताना आजी आल्या. सतरंजीवर बसल्या, पदर सावरला आणि पेटीकडे ढुंकूनही न पाहता धवला सुरू केला. मी मुलांमध्ये मांडी घालून बसले होते. आजी एक ओळ म्हणत, आम्ही सगळे मागे म्हणायचे. तिसऱ्या ओळीला माझी चाल चुकली. मध्यमा उत्तीर्ण बाईंची चूक. वर्गात पिकला हंशा. मी पुन्हा म्हटले, पुन्हा चुकले. आणि माझ्या उजव्या कानापाशी एक कोवळा, सरळ, स्वच्छ आवाज आला. तो ती ओळ मला म्हणून दाखवत होता. एकदा, दोनदा. मला जमेपर्यंत तिसऱ्यांदा. आधी माझ्या चुकलेल्या सुरावर आला आणि तिथून बोट धरून मला बरोबर जागी घेऊन गेला.

आजींनी गाणे थांबवले नाही. माझ्याकडे एकदा पाहिले मात्र.

आता तो मोठा झाला आहे. घणसोली स्टेशनवर कधी दिसला तर "बाई" म्हणून हाक मारतो. आवाज फुटला आहे. काळी एकपर्यंत उतरला असावा. शनिवारी आमच्यात कोणी नवी तरुण बाई आली, आणि वर्गात एक मुलगा भारी बेसूर आहे हो, असे म्हणाली, की आम्ही सगळे एकमेकांकडे पाहतो. मग कोणीतरी कांदेपोह्यांची बशी तिच्यापुढे सरकवते आणि विचारते, "तुमचा सा कुठला हो, बाई?"